तुम्ही विचारलंत म्हणून: वजनरहित अवस्था वर्गात कशी दाखवायची?

त्यासाठी मोठी साधनं लागत असतील ना, असं शिक्षक मंडळी मला हमखास विचारतात. लागते एक प्लॅस्टिकची बाटली, एक दाभण आणि खाली ठेवायला बादली.

बाटलीच्या तळाजवळ भोक पाडा, ते बोटाने दाबून बाटली अर्धी भरा. झाकण लावू नका. बोट काढलं की धार लागते. आता बाटली उंचावरून सोडून द्या. पडताना धार थांबते. बाटली आणि पाणी एकाच त्वरणाने खाली येत असतात. वरच्या पाण्याचा भार खालच्या पाण्यावर पडतच नाही. दाबच नाही, तर भोकातून पाणी बाहेर ढकलणार कोण? दोन मीटर पडायला जेमतेम 0.64 सेकंद लागतो, म्हणून मोबाइलवर स्लो मोशनमध्ये टिपा. नाहीतर अर्धा वर्ग ‘थांबली’ म्हणतो, अर्धा ‘नाही’, आणि तास भांडणात जातो.

बहुतेक जण इथेच आवरतं घेतात. मला विचाराल तर खरा प्रयोग इथून पुढे आहे. तीच बाटली वर फेकायची. पण आधी अंदाज वहीत लिहून घ्या. ‘वर जाताना धार लागेल, खाली येताना थांबेल’ हे उत्तर ठरलेलं. फेकताना हाताचा रेटा असेपर्यंत धार उलट जोरात येते. हात सुटला की बंद! वर जाताना, माथ्यावर, खाली येताना, बंदच. म्हणजे दिशेचा प्रश्नच नाही. बाटलीला कुणी धरलेलं नाही, तिच्यावर फक्त गुरुत्वाकर्षण काम करतंय (हवेचा विरोध असतो, पण किरकोळ), वजनरहित व्हायला एवढं पुरतं.

हे पटलं की अंतराळ स्थानकाकडे वळा. ते साधारण 400 किलोमीटर उंचीवर आहे आणि तिथलं गुरुत्वाकर्षण जमिनीवरच्या सुमारे 90 टक्के भरतं. तरी माणसं तरंगतात, कारण स्थानक आणि ती एकत्रच पडत असतात. स्थानक पडतं खरं, पण ताशी सुमारे 28,000 किलोमीटर वेगाने पुढेही जात असतं, त्यामुळे तेवढ्यात पृथ्वीचा पृष्ठभागही तितकाच खाली वळत जातो.

मग एखादी मुलगी विचारतेच, ‘उडी मारली की आम्हीपण वजनरहित?’ हो. पाय सुटल्यापासून टेकेपर्यंत.

एक सांभाळा. बाटलीने गिरक्या घेतल्या तर पाणी बाहेर उडतं आणि वर्गातला शंकेखोर नेमकं तेच धरून बसतो. दोन्ही हातांनी उभी फेका. आणि वर्गात नको, मैदानात.