सुई मधोमध होती

टेक्सासमध्ये मी इन्स्ट्रुमेंट फ्लाइंग, म्हणजे बाहेरचं न दिसता नुसत्या उपकरणांवर उडणं, शिकवायचे, तेव्हाची ही जानेवारीतली सकाळ. ढग जमिनीपासून जेमतेम ७०० फुटांवर. विद्यार्थी साताऱ्याकडचा, हात छान, पण तयारीच्या कागदांचा त्याला भारी कंटाळा. विमान सेसना १७२. त्यातला जीपीएस जुन्या पिढीचा, वासचे, म्हणजे जीपीएसची चूक सुधारणाऱ्या अमेरिकी उपग्रह यंत्रणेचे, सिग्नल न घेणारा.

असा संच असला की ढगांत निव्वळ त्याच्या भरवशावर जाता येत नाही. व्हीओआरसारखं जमिनीवरच्या केंद्रावर चालणारं दुसरं साधन विमानात धडधाकट हवं. दर २८ दिवसांनी बदलणारा डेटाबेस ताजा हवा, निघण्याआधी रेमचा, म्हणजे उपग्रह खरं सांगताहेत का हे संच स्वतःच तपासतो त्या सोयीचा, अंदाज पाहिलेला हवा. आणि उतरायच्या ठिकाणी जीपीएस अप्रोच, म्हणजे ढगांतून धावपट्टीकडे उतरायचा जीपीएसवरचा ठरलेला मार्ग, धरला, तर अल्टरनेटला, म्हणजे तिथे उतरता आलं नाही तर गाठायच्या पर्यायी विमानतळाला, जमिनीवरच्या यंत्रणेवर चालणारा आयएलएस किंवा व्हीओआरचा अप्रोच हवा.

"मॅडम, जवळच्या एअरपोर्टला पण जीपीएस अप्रोच आहे की. एवढ्या लांबचा कशाला?"

"हाच डबा रुसला तर तिथे कशावर उतरशील?"

तो म्हणाला, आपल्याकडे भारतात वाससारखंच गगन आहे, तिकडे ही कटकट नसणार. गगनचं मलाही कौतुक आहे. २०१५ पासून ते अप्रोचसाठी प्रमाणित आहे. पण त्याचा सिग्नल घेणारा संच विमानात बसवलेला लागतो, आणि आमच्या सेसनात तसला संच नव्हता.

त्यातच व्हीओआर तपासल्याची नोंद करायच्या वहीतली शेवटची सही ३३ दिवसांपूर्वीची निघाली. मर्यादा ३० दिवसांची. टॅक्सी करत धावपट्टीजवळच्या चेकपॉइंटच्या गोलात विमान उभं केलं. जमिनीवर ४ अंशांपर्यंतची चूक चालते. आमची २ निघाली. तारीख, जागा, चूक, सही. त्याने तोंड वाकडं करून लिहिलं.

तासाभरानं आम्ही ढगात, अप्रोचवर. शेवटचं उतरणं सुरू होतं त्या फायनलच्या पॉइंटआधी २ मैलांवर संचानं 'आर्म'वरून 'अप्रोच'वर जायला हवं. तिथे, मार्गापासून किती बाजूला आहोत ते दाखवणाऱ्या सुईची पूर्ण हालचाल १ मैलावरून ०.३ मैलावर येते. तो गेलाच नाही. रेमचा इशारा लागला.

सुई मात्र मधोमध, केसभरही हललेली नाही. त्याचा हात पॉवर कमी करायला थ्रॉटलकडे गेला.

"खाली जायचं नाही. उंची धर."

"पण मॅडम, आपण लाइनवर आहोत!"

आपली जागा काढायला ४ उपग्रह पुरतात. त्या चौघांतला एखादा चुकीचं सांगतोय का, हे ओळखायला पाचवा लागतो, आणि तोच नसला की संच चुकीची जागाही तितक्याच शांतपणे दाखवतो. हे त्याला वर्गात दोनदा शिकवलं होतं. पण समोर सरळ सुई दिसत असताना तिच्यावर विश्वास न ठेवणं फार अवघड असतं, माझ्याही पोटात गोळा आला होता.

उंची न सोडता मिस्ड अप्रोचच्या, म्हणजे उतरणं सोडून वर जायच्या ठरलेल्या, पॉइंटपर्यंत गेलो, वर चढलो, कंट्रोलरला सांगितलं. त्यानं हेडिंग देत त्या लांबच्या अल्टरनेटच्या आयएलएसवर नेलं. ढगाखाली आलो तेव्हा धावपट्टीचे दिवे नाकासमोर होते. उतरल्यावर पोरानं स्वतः टाक्यांत काठी बुडवून पाहिली. अल्टरनेटनंतर ४५ मिनिटं पुरेल एवढं इंधन शिल्लक ठेवावं लागतं. त्याहून थोडं जास्तच होतं.

सकाळी पाहिलेला रेमचा अंदाज चांगला होता, मग असं का झालं, हे मला आठवडाभर छळत राहिलं. अंदाज आकाशातल्या उपग्रहांचा असतो, आपल्या विमानातल्या वायरीचा नाही. दुरुस्तीवाल्यानं छताचं पॅनेल उघडून अँटेनाचा कनेक्टर काढला. आतली पिन हिरवी पडली होती. क्षीण सिग्नलचे उपग्रह तिथेच गळत असणार. पोरानं तो कनेक्टर हातात घेतला, पिनेवरून अंगठा फिरवला आणि अंगठ्याला लागलेली हिरवी पूड बराच वेळ बघत राहिला.