‘होतंय की’ आणि शुक्रवार

कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीतील एका फाउंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, गुणवत्ता विभागात काम करून मला चौदा वर्षे झाली होती, तेव्हा आमच्या कंपनीच्या जर्मनीतील मूळ कंपनीने मला दोन वर्षांसाठी श्टुटगार्टजवळच्या कारखान्यात बोलावून घेण्याचे ठरवले. बदलीच्या पत्रासोबत कागदपत्रांची लांबलचक यादी आली आणि त्या यादीच्या तळाशी एक ओळ होती: प्रस्थानापूर्वी दोन दिवसांचे सांस्कृतिक प्रशिक्षण, पत्नीसह उपस्थिती आवश्यक. उद्यमनगरात लेथवर आयुष्य काढलेल्या माझ्या वडिलांना मी ते वाचून दाखवले, तेव्हा ते म्हणाले, “वागायचं शिकवायला बाहेरनं मास्तरीण आणतायत व्हय? मग आमी काय केलं एवढी वर्षं?” खरे सांगायचे तर माझेही मत फारसे वेगळे नव्हते. सहा वर्षे मी त्या लोकांशी ईमेलवर आणि फोनवर बोलत होतो, त्यांचे तपासनीस शिरोलीत येऊन तांबडा-पांढरा रस्सा ओरपून गेले होते, त्यामुळे त्यांच्याविषयी आणखी काय शिकायचे राहिले आहे, असे मला वाटत होते.

प्रशिक्षणाच्या आधी आम्हा दोघांना स्वतंत्र प्रश्नावली भरायची होती. माझ्या प्रश्नावलीत वरिष्ठांचे म्हणणे चुकीचे वाटल्यास आपण ते कोणासमोर आणि कोणत्या शब्दांत सांगता, अशा धर्तीचे प्रश्न होते आणि मी त्यांची शहाण्यासारखी, म्हणजे खोटी, उत्तरे दिली. पत्नीच्या प्रश्नावलीत एक प्रश्न होता की, एका साध्या दिवसात आपण किती माणसांशी बोलता. तिने तो गांभीर्याने घेतला आणि एक दिवस खरोखरच मोजले. दूधवाला, शेजारच्या वहिनी, भाजीवाली मावशी, शाळेच्या रिक्षाचे मामा, बहिणीचा फोन, असे करता करता दुपारच्या जेवणापर्यंत तेवीस माणसे झाली आणि तिने मोजणे सोडून दिले. तेव्हा आम्ही दोघे त्या आकड्यावर हसलो होतो.

प्रशिक्षिका पुण्याहून आल्या होत्या. त्या मूळच्या मराठी होत्या आणि अकरा वर्षे जर्मनीत राहिलेल्या होत्या. आमच्या कारखान्याच्या सभाकक्षात, शेजारच्या फेटलिंग विभागातील, म्हणजे ओतलेले भाग घासून साफ करणाऱ्या विभागातील, ग्राइंडरांच्या आवाजात त्यांनी दोन दिवस वर्ग घेतला. पहिल्या सकाळी थोडा सिद्धांत झाला. गेर्ट हॉफस्टेड या डच अभ्यासकाने 1967 ते 1973 या काळात आयबीएमच्या अनेक देशांतील कर्मचाऱ्यांकडून भरून घेतलेल्या एक लाखाहून अधिक प्रश्नावल्यांवरून देशोदेशींची तुलना केली. त्यात वरिष्ठ आणि कनिष्ठ यांच्यातील अंतर लोक किती स्वाभाविक मानतात, याचा भारताचा गुणांक 77 आणि जर्मनीचा 35 आहे. हे तक्ते पाहताना मला आमच्या रिजेक्शनच्या, म्हणजे नापास मालाच्या, मासिक अहवालाची आठवण झाली. महिन्याची सरासरी बरोबर असते, पण हातात घेतलेल्या एका कास्टिंगमध्ये, म्हणजे ओतीव भागात, ब्लोहोल (वायूमुळे राहिलेली पोकळी) आहे की नाही, हे ती सांगत नाही. मी तसे बोलून दाखवले, तेव्हा बाईंनी वाद घातला नाही. त्यांनी तक्ता मिटला आणि मला उभे राहायला सांगितले.

त्यानंतरचा अर्धा तास मला अजून शब्दशः आठवतो. त्या जर्मन प्रकल्पप्रमुख झाल्या आणि त्यांनी मला इंग्रजीत विचारले की, नव्या नमुन्याची कास्टिंग शुक्रवारपर्यंत मिळतील का. उदाहरण त्यांनी सहज घेतले होते, पण त्याच आठवड्यात आमचा एक कोअर बॉक्स (कास्टिंगच्या आतली पोकळी घडवणाऱ्या वाळूच्या गाभ्याचा साचा) दुरुस्तीला गेलेला होता आणि मंगळवारच्या आत काही होणार नाही, हे मला पक्के ठाऊक होते. मी मान हलवली आणि म्हणालो, “येस, वी विल ट्राय अवर बेस्ट.” बाईंनी वळून फळ्यावर मोठ्या अक्षरात ‘शुक्रवार’ लिहिले.

मी म्हणालो की, मी शुक्रवार म्हटलेलेच नाही, मी फक्त प्रयत्न करू म्हणालो. त्यांनी विचारले, “हेच तुम्ही इथे मराठीत कसं म्हणाला असता?” मी म्हणालो, “होतंय की.” सगळे हसले. त्या मात्र हसल्या नाहीत. त्यांनी पुढचा प्रश्न विचारला: “तुमचा मेल्टिंगचा सुपरवायझर तुम्हाला ‘होतंय की’ म्हणाला, तर ते होणार आहे की नाही, हे तुम्हाला कसं कळतं?”

या प्रश्नाचे उत्तर मला देता येईना, कारण असा विचार मी कधी केलाच नव्हता. थोड्या वेळाने लक्षात आले की, तो ‘की’ आखूड काढतो तेव्हा काम होते आणि लांबवतो तेव्हा होत नाही. बोलताना तो भट्टीकडे पाहत असेल तर काम होणार असते, माझ्याकडे पाहून हसत असेल तर अडचण असते, आणि “साहेब, चहा घेऊया का” असे त्याने मध्येच म्हटले, तर ग्राहकाला त्याच दिवशी फोन करून तारीख पुढे ढकलावी लागते. हे सगळे मी सांगितले. बाई शांतपणे म्हणाल्या, “आता हे सगळं ईमेलमध्ये कसं पाठवणार?” एडवर्ड हॉल या अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञाने समाजांचे या दृष्टीने वर्णन केले आहे, हे त्यांनी नंतर सांगितले: काही ठिकाणी बराचसा अर्थ शब्दांबाहेर, प्रसंगात आणि नात्यात असतो, आणि काही ठिकाणी जवळजवळ सगळाच अर्थ शब्दांत ठेवलेला असतो. नाव लक्षात राहिले ते त्या ‘की’मुळे.

मग त्यांनी माझ्याकडून सरळ वाक्य म्हणून घेतले: शुक्रवारी होणार नाही, मंगळवारी दुपारी होईल, कारण कोअर बॉक्स दुरुस्तीला आहे. ऐकायला हे किरकोळ वाटेल, पण मला सहा वेळा प्रयत्न करावा लागला. दर वेळी मी आधी ‘सॉरी’ म्हणत होतो, मग कारण सांगत होतो, आणि नकार शेवटी इतक्या हळू आवाजात येत होता की, ग्राइंडरच्या आवाजात तो ऐकूच जात नव्हता.

दुसऱ्या दिवशी भाषेचा थोडा परिचय झाला आणि तिथे मराठी माणसाला चक्क फायदा असल्याचे दिसले. जर्मनमधील ‘दू’ आणि ‘झी’ हा भेद आपल्या तू आणि तुम्ही यांच्याजवळचा असल्यामुळे तो आम्हाला समजावून सांगावा लागला नाही. फक्त, मोठ्या माणसाने स्वतःहून ‘दू’ची परवानगी दिल्याशिवाय आपण ते सुरू करायचे नाही, एवढे लक्षात ठेवायचे होते. घड्याळाची गोष्ट तर मला फारच आवडली. जर्मन माणूस ‘हाल्ब द्राय’ म्हणतो, तेव्हा शब्दांत ‘अर्धे तीन’ असले तरी घड्याळात अडीच वाजलेले असतात, आणि इंग्रजीवरून विचार करणारे लोक ते साडेतीन समजून तिथे हमखास एक तास उशिरा पोहोचतात. आपला ‘अडीच’सुद्धा ‘अर्धतृतीय’ या संस्कृत शब्दावरून आला आहे, म्हणजे तिसरा अर्धा. वर्गातील इतरांनी हे पाठ केले. मला पाठ करावे लागले नाही.

शेवटचे सत्र पत्नीसाठी होते आणि आता मागे वळून पाहताना दोन दिवसांतील तेच सर्वांत महत्त्वाचे होते, असे माझे मत आहे. ‘कल्चर शॉक’ ही कल्पना रूढ करणाऱ्या कालेर्व्हो ओबर्ग या मानववंशशास्त्रज्ञाने 1954 साली रिओ दि जानेरो येथील महिला मंडळापुढे त्या विषयावर भाषण केले होते, असे बाईंनी सांगितले. सुरुवातीची नवलाई, मग चिडचिड आणि घरची ओढ, मग हळूहळू रुळणे, असे टप्पे त्याने सांगितले होते. नोकरीवर जाणाऱ्याला रोज आठ तास जायला जागा असते. घरी राहणाऱ्याला ती नव्याने शोधावी लागते. बाईंनी पत्नीच्या प्रश्नावलीतील तेवीसचा आकडा काढून तिच्यासमोर ठेवला आणि म्हणाल्या, “तिथे पहिले काही महिने हा आकडा दोन असेल. एक तुमचे हे, आणि एक मुलगा.” त्या वेळी कोणी हसले नाही.

व्हिसाविषयी थोडक्यात सांगतो, कारण त्यात धीराखेरीज काही लागले नाही. कंपनीअंतर्गत बदलीसाठी असलेल्या आयसीटी कार्डाचा मार्ग होता, जो तज्ज्ञ कर्मचाऱ्यांना जास्तीत जास्त तीन वर्षांसाठी मिळतो. तिथे पोहोचल्यावर दोन आठवड्यांच्या आत नगरपालिकेत पत्त्याची नोंदणी करावी लागते आणि तिच्यासाठी घरमालकाचे लेखी पत्र लागते. हे पत्र चावीसोबतच मागून घ्यावे, हा बाईंचा सल्ला मी पाळला आणि माझ्या सहकाऱ्यापेक्षा आठवडाभर आधी माझे बँकेचे खाते उघडले.

श्टुटगार्टच्या परिसरात भाड्याच्या घरांत ‘केरवोखे’ नावाची पद्धत आहे. जिना आणि घरासमोरचा भाग झाडण्याची पाळी आठवड्याने बदलते आणि ज्याची पाळी असेल त्याच्या दाराला एक पाटी अडकवली जाते. योगायोगाने त्या शब्दाची सुरुवात आपल्या ‘केर’सारखीच आहे, त्यामुळे घरात तो लगेच रुळला. रविवारी दुकाने बंद असतात, रिकाम्या बाटल्या यंत्रात परत टाकल्या की बहुतेक प्लास्टिकच्या बाटलीमागे 25 सेंट मिळतात, रात्री दहानंतर आवाज करायचा नाही, हे सगळे आधीच सांगितलेले असल्यामुळे धक्के बसले नाहीत.

प्रशिक्षणात एक गोष्ट मात्र सपशेल चुकली होती, किंवा निदान अपुरी होती. तिथे ‘जर्मन माणूस’ असा एकच माणूस आम्हाला दाखवला गेला. माझा पाळीप्रमुख जन्माने आणि नागरिकत्वाने जर्मनच होता, पण 1961 साली जर्मनी आणि तुर्कस्तान यांच्यात कामगार भरतीचा करार झाल्यानंतर त्याचे वडील तिथे आले होते. खासगी प्रश्न कोणी विचारणार नाही, असे मला बजावलेले असताना पहिल्याच दिवशी त्याने माझी मुले किती, आईवडील कोणाजवळ असतात आणि कोल्हापुरात घर घ्यायला किती पैसे लागतात, हे तिन्ही प्रश्न भट्टीशेजारी उभ्या उभ्या विचारून घेतले. मला क्षणभर उद्यमनगरात असल्यासारखे वाटले.

दुसऱ्या आठवड्यात तो शुक्रवार प्रत्यक्ष आला. बैठकीत विभागप्रमुखांनी चाचणी अहवालाची तारीख विचारली आणि मी मनातल्या मनात ग्राइंडरचा आवाज ऐकत सांगून टाकले की, शुक्रवारी होणार नाही, मंगळवारी होईल, यंत्राचे कॅलिब्रेशन बाकी आहे. त्यांनी ‘मंगळवार’ टंकले आणि पुढचा मुद्दा घेतला. राग नाही, टोमणा नाही, नजरसुद्धा वर नाही. मी मात्र दिवसभर, आता हे माझ्याविषयी काय समजत असतील, याचा विचार करीत बसलो होतो.

तिसऱ्या महिन्यात, नोव्हेंबरच्या अंधारात, पत्नीने एका संध्याकाळी बोटे मोजून दाखवली: आज दोन. बाईंनी दिलेल्या यादीतील नगरपालिकेच्या भाषावर्गाचा पत्ता आम्ही त्या रात्री शोधून काढला. मार्चपर्यंत आकडा नऊवर गेला होता आणि त्यातील दोघी तिच्याकडून धपाटे शिकत होत्या.

त्याच सुमारास तिकडून शिरोलीला फोन करण्याची पाळी माझ्यावर आली. नवीन कास्टिंग शुक्रवारी निघतील का, असे मी आमच्या सुपरवायझरला विचारले. तो म्हणाला, “होतंय की.” फोनवर भट्टी दिसत नव्हती, पण ‘की’ लांबला होता. मी विचारले, “शुक्रवारी किती वाजता?” पलीकडे बराच वेळ फक्त ग्राइंडर ऐकू येत राहिला. मग तो म्हणाला, “साहेब, मंगळवार धरा.” मी मंगळवार लिहून घेतला.