बीडीएनएफची पट्टी दिसेपर्यंत – माझा अनुभव

पीएचडीला बीडीएनएफ घेते म्हणलं तर बऱ्याच जणांनी सांगितलं की कशाला उगं अवघड, वनस्पतींचे अर्क वगैरे घे, आपल्याकडं तेच होतं. पण मला हेच करायचं होतं. बीडीएनएफ म्हणजे ब्रेन डिराइव्हड न्यूरोट्रॉफिक फॅक्टर, मेंदूतल्या पेशी जगवणारं आणि त्यांच्या एकमेकींशी असलेल्या जोडण्या टिकवणारं प्रोटीन. सततच्या ताणात हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे आठवणीचं काम बघणाऱ्या भागात, नेमकं हेच कमी पडतं हे उंदरांवर १९९५ मध्येच दाखवलेलं आहे. २०१६ ला मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं तेव्हा मी शाळेत होते. दुष्काळाच्या त्या वर्षांत आमच्या बापूंची झोप गेली, सकाळी सांगितलेलं दुपारी विसरायचे, आणि घरात सगळे म्हणायचे टेन्शन हाय, बस. त्या टेन्शननं डोक्यात नेमकं काय होतं हे मला बघायचं होतं.

आधी प्राण्यांच्या नीतिमत्ता समितीची परवानगी. किती उंदीर, इतकेच का, त्रास कमीत कमी कसा ठेवणार, शेवट कसा करणार, सगळं लिहून द्यावं लागतं, आणि ते तसंच पाहिजे. आईनं तर तोंडावरच विचारलं, "मुक्या जनावराला कोंडून काय मिळायलंय गं तुला?" मी बापूंचं नाव घेतलं तर ती गप्प बसली, पण तिचा प्रश्न बरोबरच होता आणि एकही प्राणी वाया जाऊ द्यायचा नाही हे मी तेव्हाच ठरवलं.

ताण द्यायचा प्रोटोकॉल जगभर वापरतात तोच, उंदराला भोकं असलेल्या नळीत कोंडायचं, रोज ६ तास, २१ दिवस. त्यात हिप्पोकॅम्पसमधल्या सीए३ भागातल्या पेशींच्या फांद्या आखडतात हे १९९२ पासून माहिती आहे. आपल्याकडं अडचण वेगळीच, एप्रिल-मेमध्ये ४२ डिग्री, त्यात लाइट गेली आणि एसी बंद पडला की कंट्रोल गटाच्या, म्हणजे तुलनेसाठी ताण न दिलेल्या उंदरांनाही उन्हाचाच ताण बसतो, मग तुलना कशाची करायची! म्हणून सगळं काम दिवाळीनंतर ते महाशिवरात्रीच्या आत बसवलं. आणि उंदरांचं कॉर्टिकोस्टेरॉन, म्हणजे ताणाचं हार्मोन, संध्याकाळी आपोआप वाढतं, त्यामुळं नमुने रोज सकाळी एकाच वेळेला घेतले.

हिप्पोकॅम्पस काढला की शेंगदाण्याच्या पाकळीएवढा दिसतो, जरा वाकडा, पांढुरका, बर्फावर भराभर काढायचा आणि लगेच द्रव नायट्रोजनमध्ये टाकायचा. हा नायट्रोजन कुठून आणायचा हा प्रश्न होता, तर जनावरांच्या दवाखान्यात कृत्रिम रेतनाच्या कांड्या ज्या कॅनमध्ये ठेवतात त्यात तोच असतो की! तिथल्या डॉक्टर साहेबांनी कॅन भरायला गाडी आली की आमचाही छोटा कॅन भरून दिला, फार मोठी मदत झाली ती.

मग वेस्टर्न ब्लॉट, म्हणजे प्रोटीनं जेलमध्ये आकाराप्रमाणं वेगळी करायची, मेंब्रेन नावाच्या पातळ पडद्यावर उतरवायची (हा ट्रान्सफर) आणि अँटिबॉडीनं हवं ते प्रोटीन पट्टीच्या रूपात बघायचं. इथं खरा कस लागला. अ‍ॅक्टिनची (हे सगळ्या पेशींत असणारं प्रोटीन; किलोडाल्टन हे प्रोटीनच्या वजनाचं माप) ४२ किलोडाल्टनची पट्टी झकास यायची आणि बीडीएनएफच्या जागी नुसतं कोरं. पक्वं, म्हणजे मोठ्या प्रो रूपातून कापून तयार झालेलं बीडीएनएफ जेमतेम १४ किलोडाल्टनचं, म्हणून जेल १५ टक्क्यांची केली, तरी काही नाही. मग ट्रान्सफर करताना एका मेंब्रेनच्या मागं दुसरा मेंब्रेन लावला आणि दोन्हीवर पॉन्सोचा लाल रंग टाकला तर छोटी प्रोटीनं मागच्या मेंब्रेनवर! म्हणजे पहिल्यातून ती आरपार जात होती. लॅबमध्ये ०.४५ मायक्रॉनच्या छिद्रांचा पीव्हीडीएफ मेंब्रेन होता, मी ०.२ चा मागवला. ट्रान्सफर रात्रभर न ठेवता इन्व्हर्टरवर तासाभरात उरकला, टाकीभोवती बर्फ भरून, तो बर्फ रसवंतीवाले जिथून लादी आणतात तिथला. जेलच्या एका लेनमध्ये (रांगेत) विकत आणलेलं शुद्ध बीडीएनएफ घातलं, कारण अँटिबॉडी कशालाही चिकटते आणि १४ जवळची कुठलीही पट्टी आपली वाटायला लागते.

मध्ये मी बीडीएनएफ वेगळं काढल्याचा १९८२ चा मूळ पेपर वाचला, बार्ड, एडगर आणि थोनेन यांचा. डुकरांच्या दीड किलो मेंदूतून त्यांच्या हाती साधारण १ मायक्रोग्रॅम लागलं होतं. ते वाचून लई धीर आला, मेंदूत हे असतंच इतकं थोडं.

शेवटी पट्टी आली, शुद्ध बीडीएनएफच्या अगदी बरोबरीनं, आणि वर ३२ च्या आसपास दुसरी, प्रो-बीडीएनएफची. ह्या दोघींसाठीच मी ब्लॉट धरून बसले होते. पक्वं रूप पेशीवरच्या टीआरके-बी रिसेप्टरला (संदेश घेणाऱ्या प्रोटीनला) चिकटून पेशीला जगवतं, आणि प्रो रूप कापलं न जाता तसंच राहिलं तर पी७५ रिसेप्टरमार्फत उलट पेशीला मरणाकडं नेऊ शकतं, म्हणजे एकाच जीनची दोन रूपं आणि कामं एकदम विरुद्ध. माझ्या ताणाच्या नमुन्यांत खालची पट्टी फिकट होती, वरची तशीच. दोन्ही एकत्र मोजल्या असत्या तर हा फरक अर्धा झाकून गेला असता.

त्यामुळं जे पोरं-पोरी एलायझावर (अँटिबॉडीनं प्रोटीन मोजणाऱ्या तयार किटवर) काम भागवायलेत त्यांना एकच सांगणं, किट घ्यायच्या आधी ते पक्वं रूप मोजतंय का दोन्ही मिळून हे कंपनीला लेखी विचारा. आणि माणसाचं रक्त घेणार असाल तर सीरम (रक्त गोठल्यावर वेगळा होणारा द्रव) का प्लाझ्मा (रक्त न गोठू देता काढलेला द्रव) ते पहिल्या दिवशीच ठरवा. बीडीएनएफ प्लेटलेट्समध्ये साठलेलं असतं आणि रक्त गोठताना बाहेर पडतं, म्हणून सीरममध्ये ते कितीतरी जास्त येतं, आणि एक नमुना अर्धा तास गोठू दिला अन् दुसरा दोन तास तर त्या दोघांची तुलनाच होत नाही.