हायपर, हायपो आणि ५७ गुण: निदानांचे कोड जुळवताना

डिस्चार्ज समरीत (रुग्णाला घरी सोडताना देतात त्या कागदात) डॉक्टरांनी लिहिलेली निदानं आयसीडी-१०च्या, म्हणजे आजारांच्या आंतरराष्ट्रीय यादीतल्या, कोडशी जुळवायचं काम माझ्याकडे आलं. मजकूर साफ करणं, रॅपिडफझ (अक्षरांच्या साम्यावरून मजकूर जुळवून गुण देणारी लायब्ररी) बसवणं हे पटकन उरकलं. सगळा वेळ खाल्ला 'हायपरटेन्शन'ने, आणि त्याचा राग अजून उतरलेला नाही.

उच्च रक्तदाबाचा नेहमीचा कोड आय१०. यादीत त्याचं नाव 'इसेन्शियल (प्रायमरी) हायपरटेन्शन'. एवढं लांबलचक कोण लिहितो? समरीत नुसतं 'हायपरटेन्शन' असतं. साध्या रेशोने, म्हणजे नुसती अक्षरं किती जुळतात या मापाने, ते आय१०शी ताडलं तर १००पैकी ५७ गुण. आय९५.९ म्हणजे 'हायपोटेन्शन, अनस्पेसिफाइड', त्याच्याशी ताडलं तरी ५७च! एकात दाब चढलेला, दुसऱ्यात उतरलेला, पण इंग्रजी स्पेलिंगात फरक जेमतेम दोन अक्षरांचा. जो तो सांगत होता, 'थ्रेशोल्ड (जुळणी मानायला लागणारे किमान गुण) बदलून बघा'. काय बदलणार? दोन्ही कोड एकदमच आत येतात आणि एकदमच बाहेर जातात.

मग शब्दांचे संच ताडणारं दुसरं माप, टोकन सेट रेशो, लावलं. त्यात जादा शब्दांचे गुण कापले जात नाहीत, त्यामुळे आय१०ला १०० मिळाले. पण मग नुसत्या 'डायबेटिस'ला 'डायबेटिस इन्सिपिडस'शीही १००. त्या आजाराचा साखरेशी काही संबंध नाही, त्याचा कोडही वेगळा, ई२३.२. जुन्या यादीतल्या 'इन्सुलिन डिपेंडंट' आणि 'नॉन-इन्सुलिन डिपेंडंट'चंही तेच. 'नॉन' असला काय, नसला काय, गुण पूर्ण.

सुटका झाली ती गुणांचा नाद सोडल्यावर. आयसीडी-१०च्या तिसऱ्या खंडात अकारविल्हे सूची आहे. तिथे 'हायपरटेन्शन' शोधलं की थेट आय१० मिळतो. कोडांच्या नावांऐवजी आधी त्या सूचीशी जुळवा. शिवाय हायपो-हायपर, अ‍ॅक्यूट-क्रॉनिक, 'नॉन' असलेलं-नसलेलं अशा विरोधी जोड्यांची यादी करा. जोडी उलटी पडली की गुण कितीही असोत, जुळणी रद्द. पहिल्या आणि दुसऱ्या पर्यायात थोडंच अंतर असेल तर नोंद सरळ कोडरकडे (हाताने कोड देणाऱ्या माणसाकडे) पाठवा. हे नियम लागले त्या दिवशी मला खरोखर हायसं वाटलं.

हे खरं तर आधी सांगायला हवं: संक्षेप सगळ्यात पहिल्यांदा उलगडा. 'एचटीएन' आणि त्याचा पूर्ण शब्द 'हायपरटेन्शन' यांत इंग्रजी स्पेलिंगात नऊ अक्षरांचं अंतर आहे, तिथे कुठलीच फझी (अंदाजे साम्य बघणारी) पद्धत पोचत नाही. 'एमआय' मात्र आपोआप उलगडू नका. तो मायोकार्डियल इन्फार्क्शन (हृदयविकाराचा झटका) असेल किंवा मायट्रल इन्सफिशियन्सी (हृदयाची झडप गळणं). आणि 'नो एव्हिडन्स ऑफ न्यूमोनिया' किंवा 'रूल आउट' (आजार नाही ना, याची खात्री करा) असलेल्या ओळी जुळणीआधीच बाजूला काढा, नाहीतर न झालेल्या न्यूमोनियाचा जे१८.९ रुग्णाच्या नोंदीत जाऊन बसतो.