तुम्ही विचारलंत म्हणून: लंडन परवडलं कसं?

हा प्रश्न कधी सरळ येतो, कधी आडून. ऑफिसात विचारतात, "मॅडम, एकूण किती गेले?" सोसायटीतल्या काकू विचारतात, "मुलगा असतो का तिकडे?" मुलगा नसतो, कोणीच नसतं. आम्ही दोघं नोकरदार, ठाण्यातल्या फ्लॅटचे हप्ते अजून चालू आहेत, आणि युरोप टूरचं पत्रक उघडलं की शेवटच्या पानावरचा आकडा बघून मुकाट्याने मिटणारी आमची जात. तरी लंडनला गेलो, निवांत राहिलो, पोटभर जेवलो. कसं ते एकदा लिहूनच टाकते, म्हणजे दर वेळी लिफ्टपाशी उभं राहून सांगायला नको.

सगळ्यात आधी एक ठरवलं: एकच शहर. टूरवाले लंडनला दोन दिवस देतात. दोन दिवसांत माणूस काय करणार? लंडन आयचा प्रचंड पाळणा, मादाम तुसाँचे मेणाचे पुतळे, टॉवर ऑफ लंडनचा किल्ला, जिथे तिकीटखिडकी दिसेल तिथे पैसे टाकणार. विमान आणि व्हिसाचे पैसे दोन दिवस राहा नाहीतर दोन आठवडे, तेवढेच जातात. शिवाय ब्रिटन शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, नाही. "आलोच आहोत तर पॅरिसही करू" म्हटलं की दुसरा व्हिसा, दुसरी फी, दुसऱ्यांदा बँक स्टेटमेंटची भेंडोळी. आम्ही तो मोह तिथेच सोडला. लंडनमध्ये घाई महाग पडते. ज्याच्याकडे सवड आहे त्याला हे शहर बरंच काही फुकट देतं.

राहण्याचा खर्च मात्र चुकत नाही, पैशाची खरी जागा तीच. उन्हाळ्यात विद्यार्थी घरी गेले की विद्यापीठांची वसतिगृहं पर्यटकांना खोल्या देतात. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचीही वसतिगृहं आहेत, काही अगदी मध्यवर्ती भागात. खोली लहान, टॉवेल पातळ, पण स्वच्छ. आणि स्वयंपाकघर मिळालं तर अर्धी लढाई जिंकलीच. हे जमलं नाही तर तिसऱ्या-चौथ्या झोनमध्ये, म्हणजे मध्यापासून जरा बाहेरच्या पट्ट्यात, ट्यूबच्या (भुयारी रेल्वेच्या) स्टेशनजवळ पाहा. "हॅरोला माझा चुलतभाऊ आहे, त्याच्याकडे उतरू का?" असंही बरेच जण विचारतात. उतरा की, पण दोन-तीन रात्रींपुरते. तिकडची घरं लहान, बाथरूम एक, आणि सकाळी सातला सगळ्यांनाच ती हवी असते.

फिरण्याचं बघा. विमानतळावरून शहरात यायला हीथ्रो एक्स्प्रेसचं ऐनवेळचं तिकीट २५ पौंडांच्या आसपास. पिकॅडिली लाइनची ट्यूब तेच काम साधारण सहा पौंडांत करते, वेळ पाऊण-एक तास लागतो इतकंच. एकदा शहरात शिरलात की बस धरा. आम्ही होतो तेव्हा बसला पावणेदोन पौंड पडत होते, आणि पहिल्या बसमध्ये कार्ड टेकवल्यापासून तासाभरात कितीही बस बदलल्या तरी पुढचे पैसे लागत नव्हते. दिवसभर नुसत्या बसनेच हिंडलं तर सव्वापाच पौंडांनंतर मीटर थांबत होता. बसमध्ये रोख पैसे २०१४ पासून घेतच नाहीत. कार्ड टेकवायचं किंवा फोन. इथे दोन गोष्टी लक्षात ठेवा. निघण्यापूर्वी बँकेच्या अ‍ॅपमध्ये कार्डाचा परदेशी वापर आणि कॉन्टॅक्टलेस, दोन्ही चालू करा. आणि माणशी एक कार्ड. नवरा-बायकोत एक चालत नाही. कार्ड आणि त्याच कार्डाचा फोन हेही तिथे दोन वेगळे धरतात. सकाळी एक आणि दुपारी दुसरं टेकवलंत तर ती दिवसाची मर्यादा लागू होत नाही.

हॉप-ऑन-हॉप-ऑफच्या लाल बसला जेवढे पैसे पडतात त्यात आमचे कितीतरी दिवस निघाले. १५ नंबर टॉवरपासून सेंट पॉलवरून ट्रॅफल्गर स्क्वेअरकडे जाते, ९ नंबर अल्बर्ट हॉलवरून, हाइड पार्कच्या कडेकडेने पिकॅडिलीला येते. वरच्या मजल्यावर पुढची सीट रिकामी होईपर्यंत मागे दबा धरून बसायचं. ती मिळाली की झाडाच्या फांद्या काचेवर सपासप आपटतात, आणि वळणावर वाटतं की आता ही दुकानाच्या पाटीलाच जाऊन धडकणार. नवऱ्याने पन्नाशीत त्या सीटसाठी एका शाळकरी पोराशी स्पर्धा केली. पोरगं जिंकलं.

आता फुकटाचं. ब्रिटिश म्युझियम, नॅशनल गॅलरी, व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट (व्ही अँड ए), नॅचरल हिस्टरी, सायन्स म्युझियम, टेटची दोन्ही कलादालनं: कायमच्या दालनांना प्रवेशमूल्य नाही. ब्रिटिश म्युझियम १७५९ मध्ये उघडलं, आपल्याकडे पानिपत व्हायचं होतं. फुकट आहे म्हणून एका दिवसात तीन उरकू नका. उलट फुकट आहे म्हणूनच तासभर बघा आणि बाहेर पडा, उद्या परत या. तिकीट काढलं की माणूस पैसे वसूल करायला बघतो आणि चौथ्या दालनात त्याचे पाय बोलू लागतात. नॅशनल गॅलरीत आम्ही एका सकाळी फक्त व्हॅन गॉगची सूर्यफुलं आणि आजूबाजूच्या दोन खोल्या पाहिल्या. त्या पिवळ्यावर रंगाचे जाड थर आहेत, कडेने पाहिलं तर सावली पडते. छापील चित्रात हे कधी दिसलं नव्हतं.

व्ही अँड ए मध्ये वाघनखं बघायची असं बरेच जण ठरवून जातात. ती जुलै २०२४ मध्ये तीन वर्षांच्या बोलीवर महाराष्ट्रात आली, आधी साताऱ्याला. तेव्हा ती बघायला लंडनचं विमान पकडू नका. तिथे प्लास्टरच्या प्रतिकृतींचं दालन मात्र चुकवू नये. रोमचा ट्रेजनचा स्तंभ छतात मावेना, म्हणून त्याचे दोन तुकडे करून शेजारी शेजारी उभे केले आहेत. मधल्या चौकात उथळ पाण्याचा हौद आहे, उन्हाचा दिवस असला की पोरं त्यात सरळ डुंबत असतात आणि कोणी ओरडत नाही. शुक्रवारी हे म्युझियम रात्री दहापर्यंत उघडं असतं, नॅशनल गॅलरी नऊपर्यंत. शुक्रवारची संध्याकाळ अशी बिनखर्चात जाते.

उंचावरून शहर पाहायला लंडन आयचे तीसेक पौंड घालवायची गरज नाही. स्काय गार्डन, आणि २०२३ मध्ये उघडलेलं होरायझन २२, दोन्ही मोफत. दुसरं तर ५८व्या मजल्यावर आहे. फक्त आधी ऑनलाइन बुकिंग करावं लागतं, आणि चांगल्या वेळा पटापट जातात.

वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीचं तिकीटही तीसच्या घरात. पण बहुतेक दिवशी संध्याकाळी पाचच्या सुमारास तिथे ईव्हनसाँग असतं, म्हणजे गायनासह प्रार्थना, आणि तिला कोणीही बसू शकतं, पैसे नाहीत. मुलांचा आवाज त्या उंच कमानींत चढत जातो आणि गाणं थांबल्यावरही क्षणभर वर कुठेतरी रेंगाळतो. हिंडायला मिळत नाही, न्यूटनची कबर बघू म्हणून सटकायचं नाही, फोटो तर नाहीच. आपल्या देवळात आरती चालू असताना कोणी मोबाइल वर धरून फिरायला लागलं तर आपल्याला कसं वाटेल? तेच इथे. ज्यांना प्रार्थनेत बसायचं नाही त्यांनी तिकीट काढून दिवसा जावं, ते बरं. संसदेच्या प्रेक्षक सज्जात बसून कामकाज ऐकणंही फुकट आहे. परदेशी माणसालाही चालतं, सुरक्षा तपासणी आणि रांग एवढंच. बुधवारी दुपारी बाराला पंतप्रधानांची प्रश्नोत्तरं असतात, त्या वेळी मात्र गर्दीत आपला नंबर लागणं कठीण.

नाटकाच्या बाबतीत मी हात आखडता घेत नाही, पण शेक्सपिअर्स ग्लोबमध्ये खिसा रिकामा करावा लागलाच नाही. १९९७ मध्ये थेम्सकाठी पुन्हा उभारलेलं हे गोल नाट्यगृह. मधला भाग उघडा, आणि तिथे उभं राहून बघायचं तिकीट पाच-दहा पौंडांत मिळतं. बसायची परवानगी नाही. पाऊस आला तर भिजायचं, छत्री उघडू देत नाहीत, तेव्हा पिशवीत रेनकोट हवा. गुडघे धड असतील तर यापेक्षा चांगली जागा नाही. नट अंगावरून जातात, एकाने तर वाट काढताना माझ्याकडे त्याची टोपी दिली धरायला. जुलै ते सप्टेंबर अल्बर्ट हॉलमध्ये प्रॉम्स या पाश्चात्त्य अभिजात संगीतमहोत्सवाच्या मैफिली असतात, तिथेही उभ्याचं तिकीट आठ पौंडांच्या आसपास.

खाण्याचं सगळ्यांना फार टेन्शन असतं. इथून मेतकूट, भाजणी, खाकरे, चटण्या न्या. पेढे, तूप, खवा नेऊ नका, भारतातून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ तिकडे न्यायला बंदी आहे. सकाळी पोहे करून निघायचं, दुपारी सुपरमार्केटमधलं मील डील: सँडविच, वेफर्स किंवा फळ, आणि पेय, साधारण चार पौंड. काही दुकानांत त्यांचं लॉयल्टी कार्ड असेल तरच तो भाव मिळतो, ते फोनवर दोन मिनिटांत निघतं. संध्याकाळी त्याच दुकानात पिवळं लेबल लावलेले पदार्थ शोधा. त्या दिवशी संपवायचे म्हणून किंमत उतरवलेली असते. आम्ही त्याला "पिवळी लॉटरी" म्हणायचो. पाणी विकत घेऊ नका, नळाचं चांगलं आहे. देशी जेवण हवंच झालं तर यूस्टनजवळ ड्रमंड स्ट्रीट आहे. वेम्बलीच्या ईलिंग रोडवर तर गुजराती पाट्यांखालून चालताना मुलुंडला आल्यासारखं वाटतं. वडापावही मिळतो लंडनमध्ये. भाव विचारून घास घशात अडकतो, तेव्हा पौंडाचे रुपये करत बसू नका. गुणाकार करायचा तर घर बुक करताना करा, चहाला नको.

एक दिवस मात्र मराठी माणसाने या चालण्यासाठी राखून ठेवावा. वॉरविक अ‍ॅव्हेन्यू स्टेशनला उतरायचं. पाचेक मिनिटांवर हौली प्लेस, १० नंबरच्या घरावर लोकमान्य टिळकांच्या नावाची पाटी आहे. ब्रिटिश पत्रकार चिरोलवर भरलेल्या खटल्यासाठी ते आले तेव्हा, १९१८-१९ मध्ये, इथे राहिले होते. आत जाता येत नाही, लोक राहतात. तिथून लिटल व्हेनिसला यायचं. १८२० मध्ये पुरा झालेला रीजंट्स कालवा इथून पूर्वेकडे जातो, काठाने पायवाट. सुरुवातीला बोटवाल्यांच्या खासगी जागेमुळे आणि पुढच्या बोगद्यामुळे थोडं वरच्या रस्त्याने चालावं लागतं, मग उतरता येतं. अरुंद लांबट बोटी, त्यांच्या टपावर कुंड्या, सायकली, जळणाची लाकडं, एखादं मांजर. माणसं त्यात संसार करतात. पुढे प्राणिसंग्रहालय लागतं, तिथला जाळीचा अवाढव्य पिंजरा पाण्याच्या अगदी काठावर आहे. नशीब असेल तर आतली काळी-पांढरी माकडं फुकटात दर्शन देतात. मग कालवा सोडून प्रिमरोझ हिल चढायची. टेकडी कसली, आपल्या पर्वतीपुढे उंचवटाच, पण वरून सगळं लंडन समोर पसरलेलं दिसतं.

पलीकडच्या बाजूने उतरलं की किंग हेन्रीज रोड. इथल्या १० नंबरच्या घरात बाबासाहेब १९२१-२२ मध्ये राहायचे. महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये ते विकत घेतलं, आता स्मारक आहे, आणि तिकीट नाही. उघडण्याच्या वेळा मात्र आधी पाहून जा. दिवसभर ग्रंथालयांत वाचन आणि रात्री पापडांवर भूक भागवणं, हे आपण शाळेपासून ऐकत आलो. ती जिन्याची अरुंद पायरी चढताना माझ्या पिशवीतल्या चार पौंडांच्या सँडविचची मलाच लाज वाटली. दोन्ही घरांतलं अंतर रमतगमत दोन तासांचं.

आणि टॉवर? कोहिनूर तिथे आहे, एलिझाबेथ राणीच्या आईच्या मुकुटात. तिकीट पस्तीस पौंडांच्या आसपास. आपलाच हिरा बघायला आपणच पैसे मोजायचे हे माझ्या काही पचनी पडलं नाही. नवऱ्याला बघायचाच होता, तो गेला. मी बाहेर टॉवर हिलला रोमन भिंतीचे अवशेष बघत बसले, त्यांना तिकीट नाही. तो परत आल्यावर विचारलं, कसा आहे? म्हणाला, "सरकत्या पट्ट्यावर उभं करतात, नीट बघेपर्यंत पुढे गेलेलो असतो." पण टॉवर आवडला त्याला, त्या पैशांचं त्याला अजूनही वाईट वाटत नाही. ज्याचं मन जिथे आहे तिथे त्याने खुशाल खर्च करावा, म्हणून तर बाकीच्या ठिकाणी वाचवायचे.

कधी जावं हेही विचारता, तर जूनचा दुसरा पंधरवडा. वसतिगृहांच्या खोल्या तेव्हापासून मिळू लागतात, शाळांच्या सुट्ट्या अजून लागलेल्या नसतात, आणि सूर्य सव्वानऊनंतर मावळतो, म्हणजे म्युझियम बंद झाल्यावरही चालायला तीन-चार तास उजेड. डिसेंबरात चारला अंधार पडतो, मग माणूस नाइलाजाने कुठल्यातरी कॅफेत शिरतो आणि तिथे खर्च होतो. जूनला जायचं तर व्हिसाचं मार्चमध्ये हाती घ्या. बँक स्टेटमेंट सहा महिन्यांचं काढून ठेवा, आणि अर्जाच्या आदल्या आठवड्यात मेहुण्याकडून उसने घेऊन खात्यात भरू नका, ते व्हिसावाल्यांना बरोबर दिसतं.