आईची वही, माझी वही

१ जुलै, मंगळवार

आज सकाळी बँकेचा संदेश आला. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत आईच्या नावावर ६ लाखांची ठेव आहे, तिचे तिमाहीचे व्याज, १२,३०० रुपये, खात्यात जमा झाले. एप्रिल, जुलै, ऑक्टोबर आणि जानेवारी या महिन्यांच्या आरंभी हे व्याज येते, हे आईला आजही बिनचूक ठाऊक असते. काल रात्री आपण जेवलो की नाही, हे मात्र तिला सकाळी आठवत नाही. "बाय, व्याज आले गो?" असे तिने चहा पिता पिताच विचारले आणि मी होकार देताच उशाखालची वही काढून माझ्यापुढे ठेवली.

बाबा गोव्यातल्या फोंडा तालुक्यातल्या सरकारी मराठी प्राथमिक शाळांतून शिकवत निवृत्त झाले. त्यांच्या माघारी आईला कुटुंब निवृत्तिवेतन मिळते. तिला ८० वर्षे पूर्ण झाली तेव्हा त्यात मूळ रकमेच्या २० टक्क्यांची भर पडली आणि ८५ पूर्ण झाल्यावर ती भर ३० टक्के होईल. महागाई भत्ता धरून सध्या महिन्याला २२ हजारांच्या आसपास रक्कम हाती येते. ठेव तिने बाबांच्या विम्याचे पैसे आल्यावर, दोन वर्षांपूर्वी, स्वतः बँकेत येऊन आणि अर्जावर स्वतः सही करून ठेवली. या सगळ्याचा हिशेब तिच्या वहीत राहतो. माझ्या पगारातून किराणा, वीज, गॅस, घरपट्टी, कौलांची दुरुस्ती आणि मोत्या कुत्र्याचे खाणे भागते, तो हिशेब माझ्या वहीत. तिच्या वहीत तिची औषधे, मी शाळेत असताना तिच्यापाशी थांबणाऱ्या बाईंचा पगार, आणि ज्या ज्या गोष्टीवर तिचे मन असेल ते सारे.

सगळे पैसे एकत्र करून एकच हिशेब ठेवणे सोपे गेले असते, हे मी जाणून आहे. पण दोघींचे पैसे एका डब्यात गेले की ते घराचे होतात, आणि एकदा घराचे झाले की त्यांचे काय करायचे हे ठरवणारी मी एकटीच उरते. मग आई ही खर्चाची एक बाब होऊन बसते. आयुष्यभर बाबांच्या पगारातले चार पैसे बाजूला टाकत ज्या बाईने आम्हा दोघा भावंडांची शिक्षणे केली, तिला तिच्याच पैशांसाठी माझ्यापुढे हात पसरावा लागू नये, असे मला मनापासून वाटते.

५ जुलै, शनिवार

मावशी येऊन गेली. तिने आईची वही चाळली आणि मनीच्या व गुंडूच्या मासळीवर महिन्याला अडीच हजारांच्या घरात खर्च होतो हे पाहून ती अस्वस्थ झाली. "म्हातारीचे पेन्शन मांजरांच्या पोटात चालले आहे आणि तू बघत बसली आहेस," असे ती मला आत बोलावून म्हणाली. मावशी वाईट मनाची नाही. तिचे म्हणणे असे की, तेवढ्या पैशांत व्यायाम करवून घेणारे डॉक्टर आठवड्यातून आणखी एकदा घरी येऊ शकतील.

मी त्याचा विचार केला. व्यायामाचे डॉक्टर येतात, आणि त्यांनी सांगितलेले हातापायांचे व्यायाम बाई रोज करवून घेतात. आणखी एका फेरीने काय साधेल, हे त्यांनाच विचारले तेव्हा रोजचा सराव अधिक महत्त्वाचा आहे, असे त्यांनी सांगितले. पण मावशीला मी हे कारण दिले नाही, कारण मुद्दा तो नाही. आई साठीची असताना याच मांजरांच्या आजी-पणजींना ती बाजारातून तारले, म्हणजे छोटे मासे, आणून घालत असे, तेव्हा कोणी तिची वही तपासली नव्हती. आता ती ब्याऐंशी वर्षांची झाली म्हणून तिच्या आवडीचा खर्च सर्वांच्या मंजुरीला का यावा?

शिवाय या खर्चात मासळीपेक्षाही बरेच काही आहे, ते मावशीने पाहिलेले नाही. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारीबंदी असल्याने ताजी मासळी महाग असते, म्हणून आईने एप्रिलमध्येच पुरुमेताचे, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीचे, सुके बांगडे भरून ठेवले. त्यांतले दोन ती रात्री पाण्यात भिजत घालते, पहाटे ते पाणी ओतून दुसरे घालते आणि बाई आल्यावर पुन्हा एकदा बदलायला लावते, कारण मीठ मांजरांच्या मूत्रपिंडांना बाधते हे जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलेले तिच्या मनात पक्के बसले आहे. मग बांगडे उकडून निवले की ती मागच्या दाराशी पाटावर बसते, माशाची एक एक चिमूट अंगठा आणि तर्जनी यांत चुरते, काटा बोटाला लागला की बाजूच्या वाटीत टाकते आणि उरलेले भातात कालवते. बारीक काटा तिला डोळ्यांनी दिसत नाही. या कामाला तिला तास लागतो. दिवसभरात 'मास्तर शाळेतून अजून कसे आले नाहीत' असे ती अनेकदा विचारते, पण या तासाभरात ती ते एकदाही विचारत नाही, असे बाईंनी मला सांगितले आहे.

एक अडचण खरी आहे. दारावर येणाऱ्या मासळीवालीला पैसे दिल्याचे ती विसरते आणि पुन्हा द्यायला जाते. मासळीवाली पंचवीस वर्षांची ओळखीची आहे, म्हणून ते निभावले. आता रोजचे पैसे द्यायचेच नाहीत, भिंतीवरच्या दिनदर्शिकेत तिने आकडा लिहायचा आणि शनिवारी आईने माझ्यासमोर हिशेब चुकता करायचा, असे आम्ही तिघींनी बसून ठरवले आहे. पैसे आईच्याच हातून जातात, याची मी काळजी घेते.

११ जुलै, शुक्रवार

रात्रभर मुसळधार पाऊस, वीज पहाटेपर्यंत नव्हती. काळोखात मोत्या आईच्या वॉकरपुढे आडवा पडलेला असतो आणि तिला तो दिसत नाही, ही भीती मला पावसाळ्यात सतत असते. या वयात माकडहाड किंवा खुबा मोडला तर पुढचे सगळेच बदलून जाते. मोत्याच्या पट्ट्याला घुंगरू आहेच, आज त्यावर अंधारात चमकणारी पट्टीही शिवून घेतली. खर्च नव्वद रुपये, माझ्या वहीत.

१६ जुलै, बुधवार

मोत्याला गोचीड ताप आला आहे. दोन दिवस त्याने अन्नाला तोंड लावले नाही आणि हिरड्या पांढुरक्या दिसू लागल्या, तेव्हा त्याला रिक्षाने फोंड्याला नेले. रक्तातल्या प्लेटलेट उतरल्या आहेत. तपासणी, सलाईन, इंजेक्शने आणि चार आठवड्यांच्या गोळ्या मिळून ४,२०० रुपये झाले, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा रक्त तपासायचे आहे. पावसात गोचीड वाढतात हे ठाऊक असल्याने आम्ही त्याच्या मानेवर दर महिन्याला औषध सोडतो, तरीही हे झाले. रेबीजची लस गोव्यात मोहिमेतून घरोघरी मोफत टोचली जाते आणि ती त्याने दरवर्षी घेतली आहे. आजारपणाचा खर्च मात्र ज्याचा त्याला.

माणसांच्या बाबतीतही थोडेफार असेच आहे. बांबोळीच्या गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, गोमंतकीयांवर मोफत उपचार होतात, दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचे कार्ड आमच्यापाशी आहे, आणि ७० वर्षांवरील सर्वांसाठी केंद्राने २०२४ मध्ये वर्षाला ५ लाखांचे संरक्षण जाहीर केले. या सर्वांचा आधार मोठा आहे आणि मी तो मानते. पण ही कार्डे माणूस रुग्णालयात भरती झाला की उपयोगी पडतात. घरी तिच्यापाशी थांबणाऱ्या बाईंचे १२ हजार, रात्रीचे डायपर, बांबोळीला जाण्यायेण्याची टॅक्सी, यांना कोणतेही कार्ड चालत नाही, आणि वृद्ध माणसाच्या घराचा खर्च महिन्यामागून महिना तिथेच होत असतो.

मोत्याला घरी आणल्यावर आईने किती झाले ते विचारले आणि मी आकडा सांगताच, "माझ्या वहीत लिही, तो ह्यांच्या वेळचा कुत्रा," असे म्हणाली. बाबांनी तो पिल्लू असताना आणला होता हे खरे आहे. यावर मी लगेच काही लिहिले नाही. हजार रुपयांवरची कोणतीही गोष्ट आईला दोन वेगवेगळ्या दिवशी, सकाळी नऊच्या आत विचारायची, कारण तेव्हा तिचे मन सर्वांत निवळलेले असते, आणि दोन्ही वेळा एकच उत्तर आले तर तिच्या वहीत लिहून शेजारी तिची सही घ्यायची, असा नेम मी गेल्या वर्षीपासून पाळते. उत्तर बदलले तर खर्च माझा. विसरणाऱ्या माणसाचे म्हणणे ऐकायचेच नाही ही एक टोकाची वाट, आणि ते एकदा म्हणाले एवढ्यावर त्याचे पैसे घ्यायचे ही दुसरी. यापेक्षा बरा मार्ग मला अजून सापडलेला नाही.

१८ जुलै, शुक्रवार

मोत्या आज पेजेचे पाणी प्यायला. सकाळी आईला पुन्हा विचारले. "तुझ्या पगारातून भागव. मला मांजरांचे बघायचे आहे," असे उत्तर आले. ४,२०० रुपये माझ्या वहीत लिहिले. नारळ पाडायला पाडेली येऊन गेला, त्याची मजुरी वजा जाता जे हाती आले त्यातून रक्ततपासणीचे निघतील.

२४ जुलै, गुरुवार

दादाचा पुण्याहून फोन होता. त्याचे म्हणणे असे की, आईची आठवण अशी उतरत चालली आहे तर ठेव आताच मोडून रक्कम माझ्या नावावर घ्यावी, म्हणजे पुढे अडायला नको. त्यात त्याचा स्वार्थ काडीचाही नाही, उलट माझ्यावरचा भार कमी व्हावा हीच त्याची इच्छा आहे. दोन वर्षे पूर्ण झाल्याने ठेव मोडल्यास मुद्दलातून १ टक्का, म्हणजे ६ हजार कापले जातील, आणि ८.२ टक्क्यांचे व्याज जाईल ते वेगळेच. पण पैशांचा हिशेब बाजूला ठेवला तरी, तिला नीट न विचारता तिचे पैसे तिच्या नावावरून काढणे मला मान्य नाही, हे मी त्याला सांगितले.

मुखत्यारपत्राचे काय, असेही त्याने विचारले. त्याबद्दल मी वकिलांशी बोलले आहे. १८७२ च्या करार कायद्यानुसार, मुखत्यारपत्र देणाऱ्याची मती ठिकाणावर राहिली नाही की ते संपुष्टात येते. म्हणजे ज्या दिवसासाठी आपण ते करून ठेवू पाहतो, नेमक्या त्याच दिवशी त्याचा आधार सुटतो. ही गोष्ट वृद्ध आईवडील घरात असलेल्या प्रत्येकाने वेळीच जाणून घ्यायला हवी. बँकेतून पैसे काढण्यापुरते बोलायचे तर, सही करता येत नसेल त्या वृद्ध खातेदाराचा अंगठा दोन साक्षीदारांसमोर, त्यांतला एक बँकेचा जबाबदार अधिकारी, घेऊन व्यवहार करता येतो, अशी रिझर्व्ह बँकेची सूचना आहे, आणि सत्तरीपुढच्यांना काही मूलभूत सेवा घरी येऊन द्याव्यात असेही तिने बँकांना सांगितलेले आहे. नोव्हेंबरातला हयातीचा दाखला ८० पार केलेल्यांना १ ऑक्टोबरपासून देता येतो. आईच्या बोटांचे ठसे झिजल्यामुळे यंत्रावर उमटत नाहीत, म्हणून गेल्या वर्षी आम्ही तो मोबाईलवर चेहरा दाखवून केला होता. तेव्हा मार्ग आहेत, फक्त ते तिच्या नावाने आणि तिच्या देखत चालायचे आहेत.

दादा बराच वेळ गप्प राहिला आणि मग, "तूच तिला विचार, ती म्हणेल तसे करू," असे म्हणाला.

२७ जुलै, रविवार

श्रावण लागला. घरात मासळी शिजत नाही, त्यामुळे माझ्या वहीतला तो खर्च या महिन्यापुरता शून्य. आईच्या वहीत मात्र तो तसाच आहे. "श्रावण आपला, मांजरांचा नव्हे," असे तिने ठरवून टाकले आहे आणि त्यांच्यासाठी मागच्या पडवीत वेगळी चूल मांडून घेतली आहे. तिथले भांडे आत आणायचे नाही, अशी सक्त ताकीद बाईंना आहे.

ठेवीबद्दल तिला परवा सकाळी विचारले होते आणि आज पुन्हा विचारले. दोन्ही वेळा तिने तेच सांगितले. ठेव तिच्याच नावावर राहावी, मोडू नये. तिच्यानंतर दादाचे आणि माझे नाव असावे, दोघांना निम्मे निम्मे. मांजरे मी कोणाला देऊन टाकायची नाहीत, आणि त्यासाठी माझ्या वाट्यात काही जास्त घालावे का, असे तिने दोन्ही वेळा आपणहून विचारले. ते नको, असे मी तिला सांगितले.

ती सांगत गेली तसे मी तिच्या वहीत लिहीत गेले, आणि खाली तिने सही केली. पहिले अक्षर नीट आले, आडनाव ओळीखाली उतरले. ठेवीवर सध्या बाबांच्या धाकट्या भावाचे नाव नामनिर्देशित आहे, ते बदलण्याचा अर्ज मी बँकेतून आणून ठेवला आहे. मंगळवारी मला शाळेतून लवकर निघता येईल, त्या दिवशी तिला टॅक्सीने बँकेत नेऊन अधिकाऱ्यांसमोरच तो भरायचा आणि नमुन्याची सहीही नव्याने नोंदवून घ्यायची आहे. दादाला संध्याकाळी फोन करून एवढे कळवले. टॅक्सीचे भाडे आईच्या वहीत.