शब्द सापडायच्या आधी

नाव जिभेवर असतं पण तोंडात येत नाही, हे सगळ्यांचंच होतं. चेहरा दिसतोय, आवाज आठवतोय, नाव बहुतेक 'स' वरून आहे हेही कळतंय, आणि कोणी भलतंच नाव सुचवलं की आपण लगेच म्हणतो "छे, हे नाही". म्हणजे बघा, बरोबर उत्तर सापडत नाहीये पण चुकीचं मात्र बरोबर ओळखू येतंय.

१९६६ मध्ये रॉजर ब्राऊन आणि डेव्हिड मॅकनील या मानसशास्त्रज्ञांनी यावरच प्रयोग केला. विद्यार्थ्यांना दुर्मीळ शब्दांच्या फक्त व्याख्या वाचून दाखवल्या, आणि ज्यांचा शब्द अडकला त्यांना विचारलं की पहिलं अक्षर कोणतं, शब्द साधारण केवढा, तर नुसत्या अंदाजाने जेवढं जमेल त्यापेक्षा त्यांचं बरंच जास्त बरोबर आलं. आणि योगायोग असा की त्याच वर्षी संगणकशास्त्रज्ञ जोसेफ वायझेनबॉम यांनी एलायझा नावाच्या, माणसाशी गप्पा मारणाऱ्या प्रोग्रॅमवरचा पेपर छापला. आपलंच वाक्य उलटसुलट करून प्रश्न म्हणून परत देणारा प्रोग्रॅम, बाकी आत काही नाही. तरी त्यांची सेक्रेटरी, जिने तो बनताना बघितला होता, तीच त्याच्याशी बोलताना त्यांना म्हणाली की जरा बाहेर जाता का.

आपण फसतो कारण माणसांची सवय आहे, बोलतोय म्हणजे विचार करतोय. पण माणसातही या दोन गोष्टी वेगळ्या होऊ शकतात. स्ट्रोकनंतर भाषा जवळजवळ पूर्ण गेलेल्या काही लोकांना साधं वाक्य समजत नाही, पण गणितं सोडवता येतात. एआयचं उलटं, तिथे सुरुवातच मजकुरापासून. २०२० च्या जीपीटी-३ या एआय मॉडेलला सुमारे ३०० अब्ज टोकन्स, म्हणजे शब्द किंवा शब्दांचे तुकडे, वाचायला लागले, लहान मूल त्याच्या नखाएवढ्या शब्दांवर बोलायला लागतं, आणि शब्द येण्याआधीच त्याला काहीतरी हवं असतं.

"एआय फक्त पुढचा शब्द ओळखतं" हे मात्र मला अर्धवट वाटतं. मॉडेलच्या आत डोकावणाऱ्यांना दिसलंय की कविता करताना ते यमक आधी ठरवून मग ओळ तिकडे नेऊ शकतं. त्यामुळे आत काहीच नसतं असं मी तरी म्हणणार नाही.

मला खटकतो तो सफाईदारपणा. आपल्याला माहिती कमी पडली की बोलणं पण अडखळतं, आणि ऐकणाऱ्याला तिथेच कळतं की इथे जरा जपून. एआय न घडलेली गोष्टही घडलेल्या गोष्टीइतकीच घडाघडा सांगू शकतं, कधीकधी "मला माहीत नाही" म्हणतंही, पण ते वाक्यही तितकंच गुळगुळीत. गूगलने २०१८ मध्ये फोनवर अपॉइंटमेंट घेणारं डुप्लेक्स दाखवलं त्यात मधेमधे 'अं', 'हं' घातलेले होते, लोकांना ते फार माणसासारखं वाटलं, पण आपलं 'अं' शब्द अडला म्हणून येतं आणि डुप्लेक्सचं 'अं' बरंचसं ऐकणाऱ्याला बरं वाटावं म्हणून होतं.